हिरनी, सुभेदार आणि चौथ्या पानावरचं वाक्य

तुमच्या दारात बसणाऱ्या कुत्र्याचा स्वभाव तुम्ही कशावरून ठरवलात? तो वागतो कसा हे बघून, की तो कोणत्या नसलीचा आणि कोणाच्या घरचा हे ऐकून? उत्तराची घाई करू नका. मी केली. नुसती केली नाही, तर छापली, घडी घातली आणि साताऱ्याच्या पेठेत वाटली.

आमचा साताऱ्यात पायानं चालवायचा छोटा छापखाना आहे. मी अक्षरं शिकलो ती पाटीवर नव्हे, वडिलांनी टाकून दिलेल्या प्रुफांवर. त्यामुळे माझी पहिली वाक्यं 'बंधूंनो' म्हणून सुरू व्हायची आणि उद्गारचिन्हानं संपायची. गेल्या दिवाळीत मी स्वतःचं पत्रक लिहिलं: 'रक्त नव्हे, संगोपन'. माणूस जन्मानं हलका किंवा भारी नसतो हे सांगायला मी कुत्र्यांचा दाखला घेतला. कॅम्पातून रद्दीत आलेलं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं होतं. त्यात प्रत्येक कुत्र्याच्या चित्राखाली त्याचा स्वभाव लिहिलेला होता: हा हट्टी, हा लाघवी, हा गुराढोरांजवळ सोडू नये. वाचून माझं डोकं फिरलं. पोटातून बाहेर येण्याआधीच निकाल! हेच तर आपण माणसांना आजवर करत आलो. मी चौथ्या पानावर ठळक टायपात वाक्य टाकलं: 'कुत्र्याला स्वभाव नसतो, मालक असतो.'

वडिलांनी टायपाचे खिळे जुळवता जुळवता विचारलं, "तू कुत्री बघितलीस किती?"

मी म्हटलं, "तत्त्वाला मोजदाद लागत नाही."

ते पुढची ओळ जुळवत राहिले. पण माझा शाळासोबती दत्ता बोलला. तो नळदुर्गच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. त्याला पत्रक पाठवलं, त्याचं एका ओळीचं कार्ड आलं: 'वाचलं. आता येऊन कुत्री बघ.' मराठवाडा मुंबई राज्यात येऊन दोन वर्षं झाली होती आणि मी सोलापूरच्या पुढं कधी गेलो नव्हतो. पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि माघात निघालो.

नळदुर्ग

मोटारीतून उतरलो आणि पहिला पाय जमिनीवर पडतो न पडतो तोच एका पिवळ्या गावठी कुत्र्यानं माझ्या पायजम्याची शिलाई उसवली. कातड्याला धक्का नाही, नेमकी शिलाई. दत्ता घ्यायला आला होता. तो हसत म्हणाला, "गठ्ठा खाली ठेव आधी. काखेत कागद घेऊन येणारा माणूस इथं पंचनाम्याला आलेला असतो. ह्या कुत्र्याला त्याचा चांगला अनुभव आहे."

हा पिवळा हैदराबाद रस्त्यावरच्या एका हॉटेलाचा. हॉटेलाचा म्हणजे कोणाचाच नाही. आम्ही बाकावर बसून ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. चटणी एवढी तिखट होती की साताऱ्याचा असल्याची माझी ऐट दोन घासांत उतरली. खाता खाता मी पिवळ्याला बघत होतो. रस्त्यानं ट्रकमागून ट्रक जात होते आणि तो डोळे मिटून पडला होता. मधेच एका ट्रकचा आवाज लांबून आला तसा तो उठला, अंग झाडलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. ट्रक थांबला. ड्रायव्हरनं उतरायच्या आत अर्धी रोटी टाकली.

"त्याला सगळ्या गाड्या आवाजावरून कळतात," हॉटेलवाला म्हणाला. "कोन देतंय, कोन लाथ घालतंय, समदं पाठ हाय त्येला."

मी वहीत लिहिलं: 'गावठी. मालक नाही. स्वभाव आहे.' लिहून झाल्यावर मला ते आवडलं नाही. मी पान उलटलं.

संध्याकाळी किल्ल्याकडं फिरायला गेलो तेव्हा वाटेत सरकारी बंगल्यात उतरलेल्या एका इंजिनिअरचा अल्सेशियन दिसला. अंगानं लांडग्याएवढा, आणि शिंकायच्या आधीही साहेबाच्या तोंडाकडं बघायचा. साहेब आत गेले तसा तो दाराच्या फटीला नाक लावून कण्हू लागला. मला भयंकर समाधान वाटलं. हे बघ, मालकानं घडवलेला कुत्रा! दत्ता म्हणाला, "ह्याच्या आईला मी सुई टोचलीय. तीही अशीच दाराला नाक लावून बसते, आणि तिचा मालक वेगळा आहे." माझं समाधान किल्ल्यापर्यंत टिकलं नाही.

मेहबूबचाचांचा मळा

दुसऱ्या दिवशी सायकलींवरून दोन कोसांवरच्या एका वाडीला गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी कापणीला आली होती आणि तिच्या पलीकडं नुसता उघडा माळ, इतका सपाट की लांबचं एकुलतं बाभळीचं झाड माणूस उभा असल्यासारखं वाटावं. वाटेत दत्तानं मला तिकडं का नेतोय ते सांगितलं.

चार दिवसांपूर्वी पहाटे धोंडीबा धनगराच्या वाघुरीत तीन कोकरं मेलेली सापडली होती. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायला खुंट्यांना बांधलेली दोरीची जाळी. तिन्हींच्या गळ्यावर दात होते. वाडीत कारवानी नसलीची एकच कुत्री होती, मेहबूबचाचांची हिरनी. सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. उद्या माळावर बैठक होती. सरपंचांकडं बंदूक होती. बैठकीत तिचा दोष ठरला की तिथंच तिला गोळी घालायची असं बोलणं झालं होतं.

"बघितलं कोणी तिला?" मी विचारलं.

"कोणी नाही. शिकारी कुत्री आहे, एवढंच."

माझं रक्त तापलं. हा तर माझ्या पत्रकाचाच खटला!

मेहबूबचाचा साठीच्या पुढचे, उंच, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी आम्हाला विहिरीजवळच्या बाजेवर बसायला सांगितलं, पण बाजेवर आधीच कोणीतरी होतं. हिरनी. मी आजवर असं कुत्रं बघितलं नव्हतं. अरुंद तोंड, पाठीच्या कण्याचा मणीन्‌मणी मोजता यावा असं अंग, पोट आत गेलेलं, आणि पाय असे की ते कोणीतरी दुसऱ्याच जनावरासाठी बनवले असावेत. ती भुंकली नाही. शेपूट हलवलं नाही. माझ्याकडं एकदा बघितलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडच्या माळाकडं बघू लागली. चाचांनी "उतर बेटी, मेहमान हैत" म्हटल्यावर ती उतरली, पण पाहुण्यानं जागा सोडावी तशी, आमच्यावर उपकार करून.

"घरात न्हाय घेत आमी कुत्रं," चाचा म्हणाले. "शिकारीचं नि राखणीचं बाहीर चालतं. पन हिला थंडी सोसत न्हाय. म्हून बाजेवर गोधडी टाकतो. घरवाली म्हनती, माज्यापेक्षा हिचीच मिजाज जास्त."

आमच्या साताऱ्यात कुत्र्याला उरलंसुरलं मागच्या दारी मिळतं. इथं हिरनीसाठी ताकात कुस्करलेली भाकरी वेगळ्या परातीत आली. मी माझ्या हातानं तुकडा पुढं केला. तिनं वास घेतला नाही, की तोंड फिरवलं नाही. तो हात तिथं नाहीच अशी उभी राहिली.

"परक्याच्या हातचं न्हाय खात," चाचा म्हणाले. "आन् हिला वराडायचं न्हाय बगा. एकदा म्या रागानं आवाज चढवला, तर दोन दिस परातीला तोंड लावलं न्हाय. हिची आई तशीच, आजी तशीच. पोलीस ॲक्शनच्या साली माजे दोघं भाऊ हैदराबादला गेले. मला म्हनले, चल. म्या म्हनलं, हिच्या आजीचं बाळंतपन झालंय, तिला कुठं नेऊ?" ते हसले. मग हसू जाग्यावर विरलं. "तवापासनं इथंच हाय."

मी न राहवून पत्रक काढलं. चाचांना उर्दू वाचता येई, मराठी नाही. दत्तानं वाचून दाखवलं. चौथ्या पानावरचं वाक्य आलं तेव्हा मी चाचांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. ते विचार करून म्हणाले, "म्हंजी हिचा कसूर न्हाय, असं तुमी म्हनता?"

"अगदी बरोबर! दोष तिचा नाहीच."

"मग मालकाचा?"

मी दत्ताच्या हातातलं पत्रक परत घेतलं.

"हौ मास्तर, मग हिच्याऐवजी मलाच गोळी घाला की," चाचा म्हणाले आणि दत्ता जोरात हसला. मीही हसलो. ही थट्टा आहे असं मला वाटलं होतं. परत जाताना वाडीच्या पारावर मी पत्रकं वाटली. एक सरपंचांच्या हातात दिलं आणि बैठकीला येतो म्हणून सांगितलं.

माळावर

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्धी वाडी माळावर जमली होती. एका बाजूला धोंडीबाची मेंढरं चरत होती. धोंडीबा पन्नाशीचा, अंगावर घोंगडं, बोलण्यात अगदी काटकसर. त्यानं आम्हाला मेंढीच्या दुधाचा चहा दिला. दाट, खारट, आणि पहिल्या घोटाला नको वाटणारा. दुसरा पेला मी मागून घेतला.

त्याचा म्हातारा कुत्रा सुभेदार मेंढरांजवळ बसला होता. काळा, केसाळ, एक कान अर्धा. मला नवल वाटलं ते त्याच्या बसण्याचं. तो मेंढरांकडं पाठ करून बसला होता.

"राखण करतो आणि बघत नाही?" मी विचारलं.

"मेंढरांकडं काय बघायचं?" धोंडीबा म्हणाला. "त्यांच्यापासनं त्याला भ्या हाय व्हय? भ्या येतं ते भाईरनं. डोळं उघडायच्या आत पिल्लू कोकरांत टाकावं लागतं. मग ते सोताला कोकरूच समजतं. त्याची मेंढरं न्हाईत ती, त्याची भावकी हाय." मागं दावणीला आणखी एक कुत्रा बांधलेला होता, तरणा, देखणा, सुभेदारासारखाच काळा. त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा धोंडीबा "चिमण्या" एवढंच म्हणाला आणि चहाची भांडी गोळा करायला लागला.

बैठक सुरू झाली. चाचा हिरनीला दोरीनं धरून उभे होते. सरपंच तरुण होते, नव्यानं निवडून आलेले, बोलणं गोड. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. ते माझं पत्रक होतं.

"आपल्याकडं साताऱ्याहून लेखक पाव्हणं आल्यात," ते म्हणाले. "शिकल्याली माणसं काय म्हनत्यात बगा." आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "कुत्र्याला स्वभाव नसतो, मालक असतो."

लोकांत कुजबुज झाली. एक पागोटेवाले म्हणाले, "बराबर हाय की. कुत्रीला मारून काय व्हनार? मालक हाय तसाच ऱ्हानार. उद्या दुसरी आणंल."

"ह्यांची सवयच ती," मागून कोणीतरी म्हटलं. ह्यांची म्हणजे कोणाची, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. "मळा इकावा आन् जावं भावांकडं."

चाचांनी मान खाली घातली नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तक्रार नव्हती त्या बघण्यात. काल ते थट्टा करत नव्हते, एवढंच मला आता कळलं. मी उठलो, "माझा अर्थ तसा नव्हता" म्हणालो, आणि परत बसलो. मी छापलेल्या वाक्यात तो अर्थ होताच. त्यात माझा हेतू छापलेला नव्हता.

तेव्हा चाचा म्हणाले, "सरपंच, एक अर्ज हाय. हिला मेंढरांत मोकळी सोडतो. दिसाउजेडी, सगळ्यांसमोर. कोकराला तोंड लावलं तर मळा इकतो. आन् हिला म्याच गोळी घालतो, तुमी नगा घालू."

सरपंचांनी धोंडीबाकडं बघितलं. त्यानं मान डोलावली. सरपंचांनी बैठकीला सांगितलं, कोणी हलायचं नाही, आवाज करायचा नाही.

दोरी सुटली. हिरनी मेंढरांच्या दिशेनं गेली, सावकाश. सुभेदार उठून उभा राहिला. ती त्याच्याजवळ थांबली, दोघांनी एकमेकांना हुंगलं. सुभेदार भुंकला नाही; तो भुंकला नाही म्हणून मेंढरांनी माना वर केल्या नाहीत; आणि मेंढरं जागची हलली नाहीत म्हणून हिरनी त्यांच्या मधून निघाली, एखाद्या बाजारातून काही घ्यायचं नसताना जावं तशी. एक कोकरू तिच्या पायांत आलं. ती वळसा घालून पुढं गेली. पलीकडं पोचली. संपलं.

मला इतका आनंद झाला की मी ताडकन उठून टाळ्या वाजवल्या.

मेंढरं उधळली. त्यासरशी हिरनीचं अंग बदललं. मी ते विसरणार नाही. आत्तापर्यंत जे एक कंटाळलेलं, मानी जनावर होतं ते ताणलेली तार झालं. ती धावली असं म्हणणं खोटं होईल. ती इथं होती आणि मग तिथं होती, सगळ्यांत पुढं पळणाऱ्या कोकराच्या अंगाला अंग लावून. तिच्या खांद्याचा धक्का बसला, कोकरू कोलमडलं. त्याच क्षणी सुभेदार त्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला होता आणि चाचांची शीळ घुमली होती. हिरनी थांबली. कोकरू उठलं, अंग झाडलं, आईला शोधायला लागलं. त्याला काही झालं नव्हतं.

पण लोकांना जे हवं होतं ते मिळालं. "बगितलं? बगितलं का?" पागोटेवाले ओरडले. सरपंच म्हणाले, "झालं तर मग."

"काय झालं?" धोंडीबा बोलला. बैठकीत तोपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता. "पळाली. ह्या मास्तरानं मेंढरं पळवली म्हून ती पळाली. पळत्याच्या मागं पळती, ती नसलच तिची. ससा पळतो म्हून घावतो. बसल्याला ती हुंगतबी न्हाय, आत्ता बगितलं तुमी." तो थांबला. पुढचं बोलताना त्यानं घोंगडं अंगाभोवती ओढून घेतलं. "माजी कोकरं पळाली नव्हती. वाघुरीत बसली होती. वाघुरीची एक दोरी तुटली न्हाय. बाकीची मेंढरं जाग्याला. आन् सुभेदार भुंकला न्हाय. दिसा म्या जवळ असताना तो कुनालाबी हुंगून सोडतो; रातीला परकं कुत्रं वाघुरीपाशी आलं असतं तर त्यानं वाडी उठवली असती."

लोक सुभेदाराकडं बघू लागले.

"वळखीचा होता," धोंडीबा म्हणाला. त्यानं दावणीकडं हात केला. "चिमण्या. रातीला वाघुरीच्या आतच निजायचा. उमरग्याच्या बाजारातनं आनला. सुभेदारावानी दिसला, नसल अस्सल, म्हून घेतला. सात म्हैन्यांचा होता. कोकरांत वाढलेला न्हाय, हे म्या इचारलंच न्हाय. रूप बगून भुललो."

"तुला कधी कळलं?" सरपंचांनी विचारलं.

"त्याच सकाळी. त्याचं तोंड म्याच धुतलं."

त्यानं घोंगड्याला हात पुसले.

"धनगराच्या कुत्र्यानं कोकरं फाडली म्हनल्यावर मला रानात मेंढरं कोन बसवू देईल? तुमी सगळ्यांनी हिरनीचं नाव घेतलं. म्या गप बसलो." मग तो चाचांकडं वळला. "मेहबूबभाई, लई चुकलं."

चाचांनी हिरनीच्या गळ्यात दोरी अडकवली, गाठ दोनदा तपासली. मग म्हणाले, "चार दिस, धोंडीबा. चार दिस मला पारावरनं जाताना कुनी रामराम घातला न्हाय."

धोंडीबानं मान खाली घातली. आता गोळी चिमण्याला घालायची का, असं सरपंच अर्धवट म्हणाले तेव्हा चाचांनीच हात वर केला. "त्याला माज्या मळ्यात द्या. तिथं कोकरं न्हाईत, रानडुकरं हैत. त्याला फाडायचंच असंल तर फाडू दे." कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, गरजेपेक्षा जास्त. चाचा हसले नाहीत. त्यांनी चिमण्याचं दावं सोडलं आणि दोन हातांत दोन कुत्री घेऊन ते मळ्याकडं चालू लागले. हिरनी पुढं बघत होती. चिमण्या मागं वळून वळून मेंढरांकडं बघत होता.

परत

सोलापूरच्या मोटारीत मी वही उघडली. हिरनीचं धावणं तिच्या रक्तात होतं. मी कितीही पत्रकं छापली तरी ते तिच्यातून काढता येणार नाही. चिमण्याच्या रक्तात राखण होती आणि तरी त्यानं कोकरं मारली, कारण ज्या दिवसांत त्याला भावकी मिळायची ते दिवस कोणीतरी चुकवले. म्हणजे त्या इंग्रजी पुस्तकाचं खरं, की माझं? दोघांचं थोडं खरं. पण माळावर त्यातलं काहीच पुरेसं पडलं नाही. हिरनीला वाचवलं ते वाघुरीच्या दोरीनं. न तुटलेल्या दोरीनं, जी चार दिवस तिथंच होती आणि जी जाऊन बघावी असं वाडीत कोणाला वाटलं नाही. मलाही नाही. मी तर खटला माझ्या बाजूचा आहे म्हणून खूश होतो.

एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही. 'ह्यांची सवयच ती' हे वाक्य माळावर ज्या सहजतेनं कुत्रीवरून माणसावर आलं, त्याचा मला आजही तेवढाच संताप आहे. फक्त आता ठाऊक आहे की त्याला वाट माझ्या ठळक टायपानं करून दिली.

छापखान्यात पोचल्यावर उरलेला गठ्ठा वडिलांपुढं ठेवला. त्यांनी विचारलं, "किती कुत्री बघितलीस?" मी म्हटलं, "पाच." ते म्हणाले, "बरी सुरुवात आहे."

वाचकहो, 'रक्त नव्हे, संगोपन' हे पत्रक तुमच्यापैकी अनेकांकडं असेल. ते फाडू नका. चौथं पान उघडा आणि ते ठळक वाक्य शाईनं खोडा. त्याच्या जागी लिहायला मी दुसरं वाक्य देणार नाही. ती जागा कोरी राहू द्या. तुमच्या गावात कुत्र्याचा किंवा माणसाचा निकाल करायला बैठक बसेल, तेव्हा ते पान खिशात घालून आधी वाघुरीपाशी जा, दोरी हातात घेऊन बघा. आणि मगच, काय दिसलं ते, त्या कोऱ्या जागेत स्वतःच्या हातानं लिहा.